प्रवासी छायाचित्रणाची लेन्स : भांडवल घालण्यापूर्वी हिशेब करा

तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालविणाऱ्या कारागिराचा धंदा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार बदलून गेला आहे. छत्तीस फोटोंचा रोल गेला, रोल धुण्याची अंधारी खोली गेली. पासपोर्ट फोटोचे बरेचसे काम मोबाईलने आणि ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांनी नेले. उरले ते लग्नसराईचे काम, आणि त्यालाही हंगाम असतो. हंगाम सरला की कॅमेरा कपाटात आणि कारागीर दुकानाच्या पायरीवर, अशी अवस्था अनेक ठिकाणी दिसते.

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील स्टुडिओवाल्यांना मात्र एक दुसरे काम अगदी दाराशी चालून आलेले आहे. ते म्हणजे प्रवासी छायाचित्रण. भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी दोन्ही तालुक्यांतून जाते. वनखात्याने २०२४ साली बारामतीतील शिर्सुफळ व इंदापुरातील कडबनवाडी येथे गवताळ रानाची सफारी सुरू केली. या साऱ्यांतून हॉटेलवाल्यांना, घरगुती निवास चालविणाऱ्यांना, बोटवाल्यांना, कॅलेंडर व डायरी छापणाऱ्यांना फोटो लागतात. पाहुण्यांनाही स्वतःचे चांगले फोटो हवे असतात. हे काम बाहेरचा माणूस येऊन करून जाण्यापेक्षा इथल्याच कारागिराने का करू नये?

परंतु या कामाकडे वळणारा तरुण पहिली धाव घेतो ती सर्वांत लांब, सर्वांत महाग लेन्सकडे. भिगवणला आलेल्या एखाद्या हौशी पाहुण्याच्या खांद्यावर हातभर लांबीची लेन्स दिसते, आणि आपल्यालाही तीच हवी असे वाटू लागते. पाहुण्याची ती हौस असते, आपले ते भांडवल असते. हा फरक ज्याने ओळखला नाही त्याचा धंदा सुरू होण्याआधीच अडचणीत येतो. म्हणून लेन्स घेण्यापूर्वी कोणता हिशेब करावा, हे आम्ही येथे मांडीत आहोत.

आपल्या भागात टिपायचे काय?

हत्यार निवडण्याआधी काम पाहावे, ही कारागिराची जुनी रीत. सुताराच्या पेटीत एकच पटाशी नसते, आणि सगळ्या पटाश्या रोज लागतही नाहीत. आपल्या दोन तालुक्यांत टिपण्याजोगे जे आहे त्याचे साधारण चार भाग पडतात.

पहिला भाग पाण्याचा. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली तरी त्याच्या फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्याच्या कडेने दूरवर पसरलेले आहे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात हिवाळ्यात रोहित पक्षी, पट्टकादंब हंस आणि इतर पाहुणे पक्षी उतरतात. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची घरटी असतात. खुद्द इंदापूर शहरात तहसील कचेरीच्या आवारातील चिंचेच्या झाडांवरही चित्रबलाक घरटी करतात. तेथे बोटही लागत नाही.

दुसरा भाग रानाचा. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, आणि तेथील चिंकारा प्रसिद्ध आहे. कडबनवाडी व शिर्सुफळच्या माळावर चिंकारा, लांडगा, कोल्हा, माळावरचे पक्षी दिसतात.

तिसरा भाग माणसांचा. पालखीच्या वाटेवर काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण होते, इंदापूरलाही होते. भिगवण आणि इंदापूरचा मासळी बाजार, उसाच्या बैलगाड्या, आठवडी बाजार, उरूस आणि जत्रा हे सारे याच भागात येते.

चौथा भाग वास्तूंचा. मोरगावचे चार कोपऱ्यांवर मिनार असलेले मयूरेश्वर मंदिर, सुप्याचा शाहमन्सूर दर्गा, इंदापूरचा चाँदशाहवली दर्गा, नीरा व भीमेच्या संगमावरील नीरा-नरसिंहपूर, बारामतीतील जुने वाडे. पळसदेवचे पळसनाथ मंदिर उजनीच्या पाण्यात बुडालेले असते. पाणी खूप उतरले की ते उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असेच वर आले आणि पाहायला लोकांची रीघ लागली.

या चारांपैकी लांब पल्ल्याची लेन्स फक्त पहिल्या दोन भागांना लागते, आणि तीही प्रत्येक वेळी नाही. उरलेल्या दोन भागांत, जेथे काम बारमाही आहे, लांब लेन्स घरीच राहते. ही गोष्ट पहिल्याने ध्यानात घ्यावी.

लेन्सवरील आकड्यांचा अर्थ

लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला मिलिमीटरचा, ज्याला फोकल लेंथ म्हणतात. हा आकडा लहान तेवढे दृश्य रुंद, मोठा तेवढे दृश्य अरुंद आणि वस्तू जवळ. १८-५५ म्हणजे त्या लेन्सने १८ पासून ५५ पर्यंत कमी-जास्त करता येते. अशी मागे-पुढे होणारी लेन्स म्हणजे झूम. नुसते ५० लिहिलेले असेल तर ती एका जागी बांधलेली. तिला झूम नसते, पण ती हलकी, स्वस्त आणि उजेड भरपूर घेणारी असते.

दुसरा आकडा एफचा. एफ २.८, एफ ४, एफ ५.६, एफ ८ अशी ही पायरी आहे. आकडा लहान तेवढे लेन्सचे भोक मोठे आणि उजेड जास्त. यातील प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. म्हणजे एफ २.८ ची लेन्स एफ ५.६ च्या लेन्सपेक्षा चौपट उजेड आत घेते. किंमतही याच चौपटीकडे झुकते, आणि वजनही.

तिसरी गोष्ट लेन्सवर लिहिलेली नसते, ती कॅमेऱ्यात असते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, ज्याला फुल फ्रेम म्हणतात, सेन्सरची रुंदी ३६ आणि उंची २४ मिलिमीटर असते. आपल्याकडील बहुतेक स्टुडिओंत असलेल्या मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत सेन्सर लहान, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. कॅननचा त्याहून किंचित लहान. लहान सेन्सरवर तीच लेन्स दीडपट लांब पल्ल्याची असल्यासारखी वागते. पक्षी टिपणाऱ्याला हा फायदा आहे. अरुंद दर्ग्याच्या आत उभे राहून फोटो काढणाऱ्याला हाच तोटा आहे.

त्रैराशिक मांडून पाहा

किती लांब लेन्स लागेल हे दुकानदाराला विचारू नका. ते कागदावर काढता येते, आणि हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. सेन्सरची उंची गुणिले वस्तूचे अंतर, भागिले फोकल लेंथ. जे उत्तर येईल तेवढ्या उंचीचे दृश्य फोटोत मावेल. रुंदी हवी असेल तर सेन्सरची रुंदी घ्या.

समजा, बोट रोहित पक्ष्यांपासून ५० मीटरवर उभी आहे आणि कॅमेरा लहान सेन्सरचा आहे. ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तर १५.६ गुणिले ५०, भागिले ३००. उत्तर येते २.६ मीटर. उभा रोहित पक्षी सव्वा मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे पक्षी फोटोची निम्मी उंची व्यापतो. छापायला हा आकार पुरेसा आहे. तेथेच ६०० ची लेन्स लावली तर दृश्य १.३ मीटर होते. मग पक्षी वरपासून खालपर्यंत चिकटतो, आणि त्याने पंख उघडले की फोटोबाहेर जातो.

अंतर १०० मीटर धरले तर ३०० च्या लेन्सवर पक्षी पाव उंचीचा दिसतो आणि ६०० वर निम्मा. यातून सरळ गोष्ट निघते. बोट निम्म्या अंतरावर नेणे आणि लेन्स दुप्पट लांब घेणे, या दोहोंचा परिणाम आकारापुरता सारखाच. अनुभवी नावाड्याला पक्षी न उठवता किती जवळ जाता येते हे ठाऊक असते. तो सांगेल तेथे थांबावे. पक्षी उडवून फोटो काढणारा स्वतःचेच नव्हे तर मागून येणाऱ्या प्रत्येक बोटीचे गिऱ्हाईक घालवितो.

चिंकाऱ्याचा हिशेब वेगळा पडतो. हा प्राणी खांद्यापाशी दोन-सव्वादोन फुटांचा, अंगाने लहान, आणि माळावर तो जवळ येऊ देत नाही. १०० मीटरवरून ३०० च्या लेन्सने ७.८ मीटर रुंदीचे दृश्य येते. त्यात मीटरभर लांबीचा चिंकारा आठवा हिस्सा व्यापेल. ६०० ने चौथा हिस्सा. येथे लांब लेन्सचे काम आहे, हे मान्य करावे लागते. मात्र कॅलेंडरवाल्याला पुष्कळदा चिंकाऱ्याचे नुसते तोंड नको असते. त्याला पिवळे गवत, उघडे आभाळ आणि त्यात उभा चिंकारा असा आपला माळ हवा असतो. तो फोटो ३०० ने, कधी २०० नेही होतो.

फोटो नंतर कापून मोठा करता येतो, असे काही जण म्हणतात. तोही हिशेब पाहा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर तो २० इंच रुंद छापता येतो. रुंदी व उंची दोन्ही निम्मी कापली तर उरतात ६ मेगापिक्सेल आणि छपाई १० इंचांवर येते. पोस्टकार्डाला, डायरीच्या पानाला हे पुरते. हॉटेलच्या भिंतीवरील मोठ्या चित्राला पुरत नाही.

मोबाईलमध्ये दुर्बीण आली आहे, मग लेन्स कशाला, असाही प्रश्न निघतो. चांगल्या मोबाईलची दुर्बीण दुपारच्या उन्हात बरे काम देते हे खरे. पण त्याचा सेन्सर नखाएवढा असतो. पहाटेच्या अंधूक उजेडात, उडत्या पक्ष्यावर आणि मोठ्या छपाईत त्याचा कस उतरतो. आपल्या कारागिराची जागा नेमकी तेथे आहे.

उजेड, धुके आणि उन्हाची झळ

भिगवणला खरे काम सूर्य उगवतीच्या दीड-दोन तासांत होते. तेव्हा उजेड सोनेरी असतो पण थोडा असतो. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडणाऱ्याला सोळाशेवा किंवा दोनहजारावा लागतो. स्वस्त लांब लेन्स ३०० किंवा ६०० च्या टोकाला एफ ५.६ किंवा ६.३ वर येते. मग कॅमेऱ्याचा आय.एस.ओ. वाढवावा लागतो. एफ २.८ वर जेथे ८०० आय.एस.ओ. पुरला असता, तेथे एफ ५.६ वर ३२०० लागतो. नव्या कॅमेऱ्यांना ३२०० जड नाही. जुन्या कॅमेऱ्यात मात्र फोटोवर कण दिसू लागतात. म्हणून लांब लेन्स घेण्याआधी आपला कॅमेरा ३२०० वर कसा फोटो देतो हे एकदा छापून पाहावे. कधी कधी पैसा लेन्समध्ये नव्हे तर कॅमेऱ्यात घालायचा असतो.

लेन्समध्ये हात थरथरल्याचा परिणाम कमी करणारी सोय असते. ती आपल्या हाताची थरथर सावरते, पक्ष्याची नाही. उडत्या पक्ष्याला, धावत्या घोड्याला तिचा उपयोग नाही. तेथे शटरचा वेगच लागतो. वेग किती ठेवावा याचा जुना ठोकताळा असा की फोकल लेंथचा जो आकडा, तितकावा सेकंदाचा भाग. लहान सेन्सरवर त्याच्या दीडपट.

आणखी एक गोष्ट कोणत्याही किमतीच्या लेन्सने सुटत नाही. ऊन चढले की माळावरून व पाण्यावरून उष्ण हवा थरथरत वर येते आणि दूरचा फोटो लिबलिबित येतो. लेन्स जितकी लांब आणि अंतर जितके जास्त तितका हा दोष अधिक दिसतो. कडबनवाडीच्या माळावर दहा वाजल्यानंतर लाखाची लेन्सही साध्या लेन्सइतकीच हतबल ठरते. लवकर उठणे हाच त्यावरील स्वस्त उपाय.

रिंगणाची धूळ, दर्ग्याचा अंधार

रिंगणात घोडा गोल धावतो आणि भोवती हजारो माणसे असतात. जागा मिळेल तेथून काम करावे लागते, पुढे-मागे सरकता येत नाही. येथे १८-१३५ किंवा १८-१४० सारखी एकच लांब टप्प्याची झूम उत्तम. तिचा आणखी एक फायदा आहे. धुळीत लेन्स काढून दुसरी लावावी लागत नाही. काटेवाडीला मेंढ्या धावू लागल्या की उठणारा धुरळा कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात गेला तर सेन्सरवर बसतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत डाग उमटतो. पालखी पावसाच्या दिवसांत येते. साधी प्लॅस्टिकची पिशवी, रबर आणि कोरडे सुती फडके जवळ ठेवावे.

दर्गा, मंदिर, वाडा यांच्या आतल्या कामाला उलट प्रकार लागतो. जागा अरुंद, उजेड मंद. १८ मिलिमीटरपेक्षाही रुंद, म्हणजे १०-१८ किंवा १०-२० सारखी लेन्स येथे चालते. ही लेन्स वर करून मिनाराचा फोटो काढला तर मिनार मागे पडल्यासारखा दिसतो. त्यासाठी शक्य तितके लांब उभे राहावे, कॅमेरा सरळ ठेवावा आणि खालचा जास्तीचा भाग नंतर कापावा. माणसांचे चेहरे रुंद लेन्सने कडेला ताणले जातात, म्हणून घोळक्याच्या फोटोत कडेच्या माणसांना थोडे आत घ्यावे.

मासळी बाजारातील कोळी, माठ घडविणारा कुंभार, घोंगडी विणणारा विणकर यांचे काम टिपायचे असेल तर ५० मिलिमीटर एफ १.८ ची लहान लेन्स सोन्यासारखी आहे. कॅननची ही लेन्स १६० ग्रॅम वजनाची असून जवळजवळ प्रत्येक कंपनीची अशी स्वस्त लेन्स मिळते. आपल्या कारागीर बांधवांचे हात आणि चेहरे टिपायला याहून महाग लेन्सची गरज आम्हाला वाटत नाही. फोटो धंद्यासाठी वापरायचा असेल तर त्या माणसाला आधी विचारावे. उरुसात, जत्रेत, घाटावर स्त्रियांचे फोटो तर विचारल्यावाचून काढूच नयेत. एका फोटोपायी गावातला विश्वास गेला तर तो कोणत्याही लेन्सने परत येत नाही.

वजन आणि बोट

१५०-६०० च्या लेन्सचे वजन दोन किलोच्या आसपास असते. निकॉनची २००-५०० सव्वादोन किलोंच्या पुढे जाते. उलट कॅननची ५५-२५० पावणेचारशे ग्रॅमची आहे, आणि तिच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची १००-४०० अवघी ६३५ ग्रॅमची. ती उजेड कमी घेते, पण दिवसभर हातात धरता येते. दोन किलोची लेन्स बोटीत तास-दोन तास हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

बोटीत तीन पायांचे स्टँड कुचकामी, कारण बोट हलली की तेही हलते. कापडी पिशवीत तूर किंवा तांदूळ भरून ती काठावर ठेवावी आणि तिच्यावर लेन्स टेकावी. खर्च घरातल्या घरात भागतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी या वाटेवर वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्या बोटीत कोणी फोटो काढायला निघालेले नव्हते, ती नेहमीची ये-जा होती. पाणी तेच आहे. फोटोसाठी बोटीत उठून उभे राहणे, सर्वांनी एका बाजूला झुकणे, जीवरक्षक जाकीट न घालणे, वारा सुटला असता पाण्यात जाणे हे टाळावे. जड लेन्स गळ्यात अडकवून पाण्यात पडलेल्या माणसाला पोहताही येत नाही.

जुनी लेन्स घेताना

बाजारात जुन्या लेन्स भरपूर आहेत, कारण कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्यांचा भर आता मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे आणि अनेक जण जुना संच काढून टाकीत आहेत. पाहून घेतली तर जुनी लेन्स हा फायद्याचा सौदा आहे. पाहायचे ते असे.

लेन्स उजेडाकडे धरून आतून बॅटरीचा झोत टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नये. धूसर पडदा दिसला तरी नको. किंचित धूळ असली तर फोटोला बाध येत नाही. आतील पाती मिटून-उघडून पाहावीत, त्यांवर तेल नसावे. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर ताठ चिकटवून समोरून फोटो घ्यावा आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे ताडून पाहावीत. एक कोपरा पुसट, बाकीचे स्वच्छ, असे असेल तर ती लेन्स कधीतरी पडलेली आहे. झूम पूर्ण लांब करून तोंड खाली धरावे. ती आपोआप घसरत असेल तर किंमत कमी करून मागावी.

जोड बसतो की नाही हे स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावूनच पाहावे. निकॉनच्या स्वस्त डी. ३००० व डी. ५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. तेथे जुन्या ए.एफ.-डी लेन्स बसतात पण फोकस हाताने करावा लागतो. कॅननची ई.एफ.-एस लेन्स त्यांच्याच मोठ्या सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाही. जुन्या डी.एस.एल.आर. लेन्स नव्या मिररलेसला जोडण्यासाठी मधला जोड मिळतो, त्याचा खर्च हिशेबात धरावा.

बिल मागावे. बिलावाचून आणि क्रमांक खरवडलेली लेन्स चोरीची असू शकते, आणि असा माल घेणाराही अडचणीत येतो. नवी घेताना भारतातील वॉरंटीचे कार्ड पाहावे. जी.एस.टी.ची नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. कॉम्पोझिशन योजनेतल्यांना ती मिळत नाही.

घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या बंद पेटीत कोंडून ठेवू नये. दमट हवेत बुरशी तेथेच लागते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापर, एवढे पुरे.

विकत की भाड्याने?

लांब लेन्स दिवसाच्या भाड्याने पुण्यात मिळते. समजा, एका लेन्सची किंमत ८०,००० रुपये आणि भाडे दिवसाला १,००० रुपये आहे. तर ८० दिवस वापरल्यावर विकत घेणे आणि भाड्याने आणणे बरोबरीला येते. भिगवणचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंतचा. आठवड्याला एक दिवस काम मिळाले तर हंगामात सुमारे २० दिवस भरतात. म्हणजे बरोबरीला चार हंगाम लागले. तेवढ्यात लेन्स जुनी झाली, तिची किंमत उतरली. आठवड्याला चार दिवस काम असेल तर हाच हिशेब एका हंगामात फिटतो. प्रत्येकाने आपले दिवस स्वतः मोजावेत आणि भाव बाजारात विचारून आकडे बदलून पाहावेत.

त्यातही हंगाम आपल्या हाती नाही. रोहित पक्षी उथळ पाण्यात, चिखलात चरतात. पाऊस चांगला झाला, उजनी तुडुंब राहिली की उथळ जागा उशिरा उघड्या पडतात आणि पक्षी उशिरा व कमी येतात. शेतकऱ्याला जे वर्ष चांगले ते बोटवाल्याला व फोटोवाल्याला बेताचे जाऊ शकते. लेन्स हप्त्याने घेतली असेल तर पक्षी येवोत न येवोत, हप्त्याची तारीख येतेच, आणि वर व्याज चढते. लग्नाच्या कमाईतून बाजूला काढलेल्या रोख रकमेत बसेल तेवढीच लेन्स घ्यावी, आणि एका गावातील दोघा-तिघा स्टुडिओवाल्यांनी मिळून एक लांब लेन्स घेऊन पाळीने वापरावी, असे आम्हाला वाटते. मात्र कोणाचा दिवस कोणता, आणि मोडली तर खर्च कोणाचा, हे आधी कागदावर लिहून सह्या कराव्यात. भागीदारी तोंडी कराराने सुरू होते आणि तोंडातोंडीनेच मोडते.

आमचा सल्ला

ज्याच्याकडे आज कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ आहे त्याने पहिली भर ५० मिलिमीटर एफ १.८ ची घालावी. दुसरी भर ५५-२५० किंवा ७०-३०० ची. या तीन लेन्सवर पालखी, बाजार, इंदापूरच्या चिंचेवरील चित्रबलाक, भादलवाडीचा तलाव आणि नावाड्याच्या मदतीने रोहित पक्षी, एवढे काम निघते. धूळ व गर्दीचे काम जास्त असेल तर १८-५५ काढून १८-१३५ किंवा १८-१४० घ्यावी. वास्तूंचे काम मिळू लागले की रुंद लेन्स घ्यावी. माळावरच्या चिंकाऱ्यासाठी ६०० ची लेन्स एक हंगाम भाड्याने आणून पाहावी, आणि गिऱ्हाईक खरोखर पैसे देते आहे असे दिसले तरच विकत घेण्याचा विचार करावा. अभयारण्यात फोटो काढायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि घरट्यांवर फ्लॅश मारू नये.

शेवटी धंद्याच्या इमानाविषयी दोन शब्द. लांब लेन्सने दूरच्या वस्तू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. पन्नास पक्षी पाचशे भासविता येतात. हॉटेलवाल्याने तसा फोटो फलकावर लावला, पाहुणा तो पाहून शंभर किलोमीटर आला आणि बोटीतून त्याला लांबवर गुलाबी रेघ तेवढी दिसली, तर तो पुन्हा भिगवणला येणार नाही, आणि चार जणांना सांगेल तो भाग वेगळाच. दुसऱ्याने काढलेला फोटो स्वतःचा म्हणून विकणे, मागच्या हंगामातील पक्षी या हंगामाचे म्हणून दाखविणे, हेही त्यातलेच. फोटोखाली गाव आणि महिना खरा लिहावा. लेन्स कोणाकडेही विकत मिळते. नावाड्याची ओळख, रिंगणाच्या वेळी कोणत्या धाब्यावर चढू देतात याची माहिती, आणि फोटोत दाखविले तेच जागेवर सापडते असा लौकिक या गोष्टी इथल्या माणसाच्याच पदरी आहेत. त्यांच्या जोरावर पावणेचारशे ग्रॅमची लेन्स घेऊनही या दोन तालुक्यांत पोटापुरता धंदा उभा राहू शकतो.